खुर्ची त्यांनी दिली, पण बसलो कुणासाठी?



गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयातून मला पत्र आलं. जिल्ह्याच्या एका समितीवर अशासकीय सदस्य म्हणून माझं नाव सुचवलं आहे, संमती कळवावी, एवढाच मजकूर. संस्थेतल्या सगळ्याजणींना आनंद झाला. एकीने पेढे आणले. मी मात्र ते पत्र टेबलाच्या खणात ठेवून दिलं. त्या खणात आधीपासून एक कागद आहे. त्याबद्दल मी आजवर आपल्या कुठल्याही बैठकीत बोललेले नाही. आज लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका चौकशी समितीवर मी होते. मुलींच्या एका अनुदानित वसतिगृहाबद्दल तक्रारी आल्या होत्या. समितीच्या अध्यक्ष होत्या आपल्याच चळवळीतल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या. त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. मंत्र्यांनी स्वतः फोन करून त्यांना ते पद दिलं होतं. आम्ही चार दिवस मुलींशी बोललो. अहवाल अकरा पानांचा झाला. त्यात एक परिच्छेद असा होता की मुलींनी केलेली पहिली लेखी तक्रार सात आठवडे कार्यालयात पडून होती, आणि ती कुणाच्या सांगण्यावरून पडून राहिली. अहवाल द्यायच्या आदल्या संध्याकाळी पी.ए.चा फोन आला. "बाकी सगळं राहू द्या, साहेबांचं म्हणणं आहे तेवढा परिच्छेद गाळा. अधिवेशन तोंडावर आहे."

अक्का बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, आपण आत राहिलो तर पुढच्या मुलींचं तरी बघता येईल. बाहेर पडून काय करणार आहोत?" मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. मुलाखत कशी घ्यावी, गोपनीयता कशी राखावी, अहवाल कसा लिहावा हे सगळं मला शिकवलेलं होतं. ज्याने नेमलं त्याला नाही कसं म्हणावं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मी सही केली.

वसतिगृहाच्या अधीक्षक बदलल्या. नवे संडास बांधले गेले. तक्रार दाबून ठेवणारा माणूस होता तिथेच राहिला. पुढे अक्कांची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही. ज्या 'पुढच्या मुलीं'साठी आम्ही आत राहिलो, त्यांच्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. खणातला कागद म्हणजे त्या गाळलेल्या परिच्छेदाची प्रत.

हा लेख अक्कांविरुद्ध नाही. त्यांनी तो वाचला आहे आणि छापायला त्यांची हरकत नाही. हा लेख आपल्या सगळ्यांच्या एका सवयीविरुद्ध आहे. मंत्री, आयोगाचे अध्यक्ष, महामंडळाचे प्रमुख, समित्यांचे सदस्य ही सगळी कुणीतरी नेमलेली माणसं असतात. नेमणारा आणि नेमलेला यांच्यात एरवी सगळं गोड असतं. संकट आलं, मतभेद झाला, की खरा प्रश्न उभा राहतो : आता हा माणूस कुणाचा? नेमणाऱ्याचा, की ज्यांच्या नावाने ते पद निर्माण झालं त्यांचा? या प्रश्नाला आपण चळवळीतल्या बायकाही फार सोयीची उत्तरं देत आलो आहोत.

ओळखीची वाक्यं

समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या कुणालाही काही वाक्यं तोंडपाठ असतात. मार खाऊन आलेल्या बाईला माहेरचे आणि सासरचे मिळून जी सांगतात ती. "घरची गोष्ट घरात राहू दे." "तो मनाने वाईट नाही गं, आत्ता जरा त्रासात आहे." "बाहेर पडून जाशील कुठे?" "थोडं सोस, तुझ्या हातात संसार आला की तूच सगळं बदलशील." आपण या वाक्यांचा अर्थ जाणतो. आपण त्या बाईला सांगतो की सोसल्याने मारणारा बदलत नाही, त्याला फक्त खात्री पटते.

आणि आपलीच माणसं पदावर गेली की काय म्हणतात? "पक्षांतर्गत बाब आहे, जाहीर बोलणं योग्य नाही." "साहेब स्वतः पुरोगामी आहेत, पण सध्या अडचणीत आहेत." "राजीनामा देऊन काय मिळणार?" "आत राहूनच काम करता येतं." शब्द वेगळे, वाक्यं तीच. बाईला पोटगी नाही, घर नाही, पदरात मुलं आहेत, म्हणून ती सोसते. पदावरच्या माणसाला यातलं काही कारण नसतं. मोटार, बंगला, शिपाई आणि वर्तमानपत्रातला फोटो यांच्यासाठी तो तीच वाक्यं उसनी घेतो. वर त्याला निष्ठा हे नाव देतो. खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आपण म्हणतो. पण मीठ कुणाचं? मंत्र्याच्या घरचं नव्हे, लोकांच्या करातलं.

बाबासाहेबांनी काय केलं

नेत्याशी मतभेद झाल्यावर कसं वागावं याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण बायकांच्या कायद्याशी जोडलेलं आहे. २७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळातून कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी राजीनामा, एवढंच आपण आठ मार्चच्या भाषणांत सांगतो आणि पुढे जातो. तो राजीनामा कसा दिला गेला, हे बघण्यासारखं आहे.

हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी बी. एन. राव यांची समिती १९४१ मध्ये नेमली गेली होती आणि १९४४ मध्ये ती पुन्हा नेमली गेली. स्वातंत्र्यानंतर, एप्रिल १९४८ मध्ये बिल प्रवर समितीकडे गेलं. बाबासाहेबांच्या हातून गेलेल्या मसुद्यात घटस्फोटाचा हक्क होता, एकपत्नीत्वाचं बंधन होतं, मुलीला मुलाइतका वाटा होता. पुढची तीन वर्षं ते बिल रखडत राहिलं. करपात्री महाराजांसारखे धर्ममार्तंड बाहेरून विरोध करत होते, काँग्रेसचेच खासदार आतून. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून आपला विरोध कळवला.

बाबासाहेबांचे मतभेद एकाच गोष्टीवर नव्हते. अस्पृश्यांच्या प्रश्नाकडे होणारं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, काश्मीर, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांपासून त्यांना दूर ठेवणं, हे सगळं साचत आलेलं होतं. तरीही ते थांबले, आणि कशासाठी थांबले हेही त्यांनी नंतर सांगितलं. हे बिल मंजूर होईल ही आशा होती म्हणून. बिल तोडून फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग घ्यायलाही ते तयार झाले. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं की आपली प्रकृती बरी नाही, उपचारांच्या हाती जाण्याआधी हे बिल पुरं व्हावं, त्याला अग्रक्रम द्यावा. सप्टेंबरमध्ये चार कलमं मंजूर झाली आणि बिल सोडून देण्यात आलं. मग ते बाहेर पडले.

इथे तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, ते आत राहिले ते एका ठरावीक कामासाठी, आणि त्या कामाला त्यांनी मनाशी एक हद्द घातलेली होती. दोन, मतभेद आधी पत्राने, लेखी कळवले. तीन, आणि ही सर्वांत मोठी, त्यांनी राजीनाम्याची कारणं झाकली नाहीत. त्यांची प्रकृती खरोखरच ढासळलेली होती. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं एक वाक्य लिहून ते सन्मानाने निघून जाऊ शकले असते. आपल्या राजकारणात किती तरी माणसं धडधाकट असताना प्रकृतीच्या कारणास्तव जातात! बाबासाहेब आजारी असूनही त्या कारणाने गेले नाहीत. आजारपणामुळे कर्तव्य सोडणारा मी माणूस नाही, असंच त्यांनी निवेदनात स्पष्ट केलं. १० ऑक्टोबर १९५१ रोजी ते संसदेत निवेदन करायला उभे राहणार, तर पीठासनावरून निवेदनाची प्रत आधी मागण्यात आली. ही भाषणाची छाननी त्यांना मान्य नव्हती. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिलं. वर्गावर्गातली आणि स्त्रीपुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत राहणं म्हणजे शेणाच्या ढिगाऱ्यावर राजवाडा बांधणं, असं त्यांनी त्यात बजावलं.

"पण कायदे झालेच ना?"

यावर नेहमीचा आक्षेप ठाऊक आहे. नेहरूंनी निवडणूक लढवली, बहुमत मिळवलं, आणि १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा, १९५६ मध्ये वारसा, दत्तक व पोटगी, अज्ञानत्व व पालकत्व असे कायदे करून दाखवले. मग राजीनामा द्यायची काय गरज होती? नेत्याला वेळ द्यायला नको का?

नेहरूंनी ते कायदे केले, हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण 'वेळ' या शब्दाचा हिशेब कुणाच्या खात्यात मांडायचा? बाबासाहेबांच्या मसुद्यात एकत्र कुटुंबातला पुरुषांचा जन्मसिद्ध हक्कच काढून टाकलेला होता. १९५६ च्या कायद्यात तो परत आला. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित जमिनीत ती सहदायाद झाली नाही. ते व्हायला आपल्या महाराष्ट्रात १९९४ साल उजाडलं, आणि तेव्हासुद्धा २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. सगळ्या देशासाठी दुरुस्ती झाली २००५ मध्ये. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने मिटवला २०२० मध्ये. म्हणजे १९५१ ची तडजोड फेडायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. या सत्तर वर्षांत किती बहिणींनी हक्कसोड पत्रावर अंगठे उठवले, ते आपल्या गावागावांतल्या तलाठी कार्यालयात विचारा.

नेत्याला वेळ द्यावा लागतो हे खरं. पण तो वेळ ज्यांच्या आयुष्यातून कापला जातो त्यांना निदान सांगायला हवं की तो का कापला जातो आहे. ते सांगण्याचं काम बाबासाहेबांच्या राजीनाम्याने केलं. कुठे थांबलं, कुणामुळे थांबलं, काय बाकी राहिलं, हे नोंदलं गेलं. राजीनामा देऊन काय मिळतं, या प्रश्नाचं हे उत्तर आहे. बाकी राहिलेल्याची नोंद मिळते. नोंद असली की वसुली करता येते. आमच्या गाळलेल्या परिच्छेदाची नोंद नाही, म्हणून त्याची वसुलीही नाही.

राहिलेल्यांचं काय?

मी राजीनाम्याचा धर्म करायला निघालेले नाही. १९५१ च्या त्या मंत्रिमंडळात एक स्त्री होती, आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. ज्या अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन १९२७ मध्ये आपल्या पुण्यात भरलं, तिच्या त्या आघाडीच्या नेत्या. ही परिषद हिंदू कायद्याच्या सुधारणेची मागणी वर्षानुवर्षं करत होती. बिल सोडून दिलं गेलं तेव्हा अमृत कौर मंत्रिमंडळात राहिल्या, १९५७ पर्यंत राहिल्या. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था त्यांच्या काळात, त्यांच्या जिद्दीने उभी राहिली. त्यांनी जायला हवं होतं का? मला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. राहूनही मोठी कामं होतात.

म्हणून कसोटी राहिलं की गेलं ही नाही. कसोटी अशी : ज्यांच्या नावाने तुम्ही तिथे बसला आहात त्यांना तुम्ही काय सांगितलंत? राहायचं असेल तर राहा, पण का राहता आणि कशाची किंमत देऊन राहता, ते बाहेर येऊन सांगा. गप्प राहून राहणं आणि बोलून राहणं यात सगळा फरक आहे.

महाराष्ट्राला आणखी एक राजीनामा आठवत असेल. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करायचं ठरलं, तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख त्या प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. ते काही रस्त्यावरचे आंदोलक नव्हते. आय.सी.एस. अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, शिस्तीत मुरलेला माणूस. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्यांनी पंतप्रधानांच्या तोंडावर सांगितलं की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला. मुंबईतल्या गोळीबाराच्या चौकशीचा आग्रहही त्यांनी धरला. नेहरूंनी ते म्हणणं मान्य केलं नाही. पण वाद उघड्यावर झाला, दोन्ही बाजू लोकांना कळल्या. देशमुखांना यासाठी नेहरूंना शिव्या द्याव्या लागल्या नाहीत. पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम केलं. मतभेद म्हणजे वैर नव्हे, आणि सभ्यता म्हणजे मौन नव्हे, हे त्यातून शिकावं.

तिसरं उदाहरण आपल्याला जास्त टोचणारं. इंदूरच्या शहाबानोला उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे पोटगी ठरवली होती. १९८५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळातले राज्यमंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी ऑगस्टमध्ये लोकसभेत या निकालाची बाजू मांडली. मग वारा फिरला. मुल्लामौलवींच्या दबावापुढे सरकारने फेब्रुवारी १९८६ मध्ये उलट दिशेचं विधेयक आणलं, त्याच महिन्यात अयोध्येचं कुलूपही उघडलं गेलं. दोन्हीकडच्या धर्मवाल्यांना खूश करण्याची ती धडपड होती, आणि तिचा खर्च तलाकपीडित बाईच्या पदरातून काढला गेला. आरिफ खान मंत्रिपदावरून बाहेर पडले. पुढे ते अनेक पक्षांत फिरले, २०१९ मध्ये केरळचे राज्यपाल झाले. त्यांचं पुढचं राजकारण आपल्यापैकी अनेकींना पटणार नाही, मलाही पटत नाही. पण म्हणून १९८६ चा तो दिवस खोटा ठरत नाही. आपण संत शोधत नाही आहोत. पदावरच्या माणसाने एका वेळी एक खरी गोष्ट करावी, एवढंच मागत आहोत.

आपले आयोग

तुम्ही म्हणाल, ही तिन्ही उदाहरणं पुरुषांची. बायका कुठे आहेत? हाच तर मुद्दा आहे. बायकांना सत्तेची पदं फार थोडी मिळाली. मिळाली ती 'महिलांसाठी'ची, आणि तीही मेहेरबानी म्हणून. राष्ट्रीय महिला आयोगाचा कायदा १९९० चा, आयोग १९९२ चा. महाराष्ट्राचा आयोग १९९३ चा. यासाठी आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. पण अध्यक्ष कोण हे सरकारच ठरवतं, आणि सरकारने ते पद आपल्या पक्षाच्या बाईला द्यायची रीत पडली. पक्ष कुठलाही असो.

२०२३ ची मणिपूरची गोष्ट विसरता येत नाही. ४ मे रोजी दोन बायकांची नग्न धिंड काढण्यात आली. १२ जूनला राष्ट्रीय महिला आयोगाकडे तक्रार पोचली. १९ जुलैला त्या प्रकाराची चित्रफीत सगळ्या देशाने पाहिली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. मधल्या ३७ दिवसांत आयोगाने काय केलं? तत्कालीन अध्यक्ष रेखा शर्मा यांनी सांगितलं की आपण राज्याच्या अधिकाऱ्यांना तीन वेळा कळवलं, उत्तर आलं नाही. त्यांनी कळवलं असेलच. पण आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. माणसांना बोलावून हजर करता येतं, कागदपत्रं मागवता येतात. उत्तर येत नाही म्हटल्यावर देशाला तेव्हाच का सांगितलं नाही? दिल्लीत आणि इम्फाळमध्ये एकाच पक्षाचं सरकार होतं, आणि त्याच पक्षाने अध्यक्षांना नेमलं होतं. त्या डिसेंबर २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या खासदार म्हणून राज्यसभेत गेल्या. कुणाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ज्या पदावरून पुढच्या पदाचा रस्ता नेमणाऱ्याच्या अंगणातूनच जातो, त्या पदावरच्या बाईचा आवाज नेमक्या वेळी का बसतो, हे कळायला मानसशास्त्र लागत नाही.

आणि दुसऱ्या बाजूलाही आरसा दाखवते. २०१९ अखेर महाराष्ट्रात सरकार बदललं. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. नव्या आघाडी सरकारने पुढच्या अध्यक्षांची नेमणूक केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. वीस महिने खुर्ची रिकामी. याच काळात टाळेबंदी होती, बायका मारणाऱ्यासोबत घरात कोंडलेल्या होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईत साकीनाक्याला बलात्कार होऊन एका बाईचा जीव गेला, तेव्हाही आयोगाला अध्यक्ष नव्हत्या. घरच्या माणसाला द्यायचं पद म्हणून बघितलं की असं होतं. वाटा ठरेपर्यंत ते कुणालाच द्यायचं नाही.

आपण काय करायचं

सरकारला दोष देऊन हा लेख संपवता येईल, पण तो अर्धाच होईल. आपल्या संघटनांनीही पदावर गेलेल्या मैत्रिणीला एकटं सोडलं आहे. ती गप्प बसली तर आपण मागे कुजबुजतो, आणि ती बोलून बाहेर पडली तर "जरा घाईच केली" म्हणतो. जानेवारी १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून पराभूत झाले. ज्यांच्या हक्कांसाठी त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यांनी त्यांना काय दिलं, हा प्रश्न स्त्रियांच्या चळवळीने स्वतःला कधी नीट विचारला आहे का? राजीनामा देणारीला उद्या काम लागेल, मान लागेल, चार माणसं सोबत लागतील. ती आपण देणार नसू तर तिने धैर्य दाखवावं अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क नाही.

म्हणून चर्चेसाठी मी काही गोष्टी मांडते.

पहिली. आपल्यापैकी कुणीही सरकारी पद किंवा समिती स्वीकारताना ती कशासाठी स्वीकारते आहे, हे संघटनेत लिहून ठेवावं. दोन कामं, तीन कामं, जी असतील ती. वर्षाने आपण सगळ्या मिळून तो कागद काढून वाचू.

दुसरी. मतभेद तोंडी ठेवायचा नाही. फोनवर आलेल्या सूचनेला पत्राने उत्तर द्यायचं : आपण अमुक दिवशी अमुक सांगितलंत, ते मला मान्य नाही, कारण हे. पुष्कळदा एवढ्यानेच फोन बंद होतात.

तिसरी. समितीच्या अहवालात भिन्न मताची टिपणी जोडायचा आग्रह धरायचा. ती जोडू देत नसतील तर सही करायची नाही. समितीत एकटी असलात तरी.

चौथी. राजीनामा द्यायचा तर कारणासह, आणि ज्या बायकांचं ते काम होतं त्यांना आधी सांगून. प्रकृतीच्या कारणास्तव नाही. कौटुंबिक कारणास्तव तर मुळीच नाही. आपल्या कुटुंबांना सगळ्या गोष्टींची कारणं व्हायची सवय आधीच फार आहे.

पाचवी. आयोगाच्या नेमणुकांसाठी जाहीर निकष, ठरलेली मुदत, आणि पद रिकामं झाल्यापासून ठरावीक दिवसांत नेमणूक, ही मागणी आपण पुन्हा लावून धरायची. आयोगाचे अहवाल आणि त्यावर सरकारने काय केलं, काय का केलं नाही, हे संसदेपुढे ठेवायचं कायद्यातच लिहिलेलं आहे. ते दरवर्षी मागायचं आणि वाचायचं.

यावर कुणी म्हणेल, अशा अटी घातल्या तर आपल्याला कुणी नेमणारच नाही. असेल तसं. मग निदान हे तरी कळेल की आपल्याला कशासाठी नेमत होते.

त्या वसतिगृहातली एक मुलगी, तेव्हा नववीत होती, शेवटच्या दिवशी फाटकापर्यंत माझ्यासोबत आली होती. "ताई, आमचं सगळं लिहिलंत ना?" असं तिने विचारलं. मी "हो" म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राहिलं नाही. ती आता मोठी झाली असेल. तिला शोधून तो परिच्छेद तिच्या हातात द्यावा असं मनात येतं, पण माझ्या मनाच्या समाधानासाठी तिला पुन्हा त्या दिवसांत ओढायचा मला अधिकार नाही.

मी एवढंच केलं आहे. नव्या समितीच्या पत्राला उत्तर पाठवलं. संमती कळवली आणि खाली तीन ओळी लिहिल्या : माझं भिन्न मत अहवालाला जोडलं जावं, तोंडी सूचना मी लेखी नोंदवीन, आणि पद सोडलं तर कारण जाहीर करीन. हे मान्य असल्यास नेमणूक करावी. उत्तर अजून आलेलं नाही. पेढे आणणाऱ्या मैत्रिणीला मी ते पत्र दाखवलं. ती म्हणाली, "आता कसले नेमतायत तुला!"

नेमोत न नेमोत, पत्राची प्रत संघटनेच्या फायलीत लावली आहे. या वेळी खणात ठेवलेली नाही. तुमच्यापैकी ज्या कुणी अशा समित्यांवर आहेत, होत्या, त्यांनी आपापले गाळलेले परिच्छेद काढावेत. नावं न देता लिहा, पण लिहा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.